स्टुडिओ ५४: नाट्यगृहाच्या पोटात वाढलेला नाइटक्लब

कळसूत्र

न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या नाइटक्लबविषयी जे लिहिले जाते, त्यात दाराबाहेरची गर्दी, आत आलेली नामवंत मंडळी आणि मालकांचा तुरुंगवास यांचीच वर्णने बहुधा असतात. ज्या इमारतीत हा क्लब उभा राहिला, तिच्या वाट्याला एखादे वाक्य येते आणि लेखक पुढे निघून जातो. चर्चेचा हा धागा त्या इमारतीसाठी आहे. माझे म्हणणे असे की, १९७७ ते १९८० या काळात तेथे एकेका रात्रीपुरते जे देखावे उभे राहिले, प्रत्येक मेजवानीला एक निराळी कल्पना घेऊन जे जग रचले गेले, ते ती इमारत मुळात नाट्यगृह नसती तर शक्यच झाले नसते.

मॅनहॅटनमधील पश्चिम ५४व्या रस्त्यावरची २५४ क्रमांकाची ही वास्तू फॉर्च्यून गॅलो यांनी बांधवून घेतली. त्यांची सॅन कार्लो ऑपेरा कंपनी गावोगाव दौरे करीत असे. या मंडळीचे न्यूयॉर्कमध्ये हक्काचे घर असावे, म्हणून यूजीन डी रोझा या वास्तुरचनाकाराकडून हे गॅलो ऑपेरा हाउस उभारले गेले आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये पुच्चिनींच्या ‘ला बोहेम’ या संगीतिकेने त्याचा पडदा उघडला. संगीतिकेचा हा संसार फार दिवस टिकला नाही. १९३० मध्ये वास्तूचे नाव न्यूयॉर्कर थिएटर झाले. १९३३च्या अखेरीस, म्हणजे ५ डिसेंबर रोजी अमेरिकेतील दारूबंदी उठल्याच्या सुमारास, बिली रोझ या निर्मात्याने खालच्या मजल्यावरील खुर्च्या काढून टेबले मांडली आणि ‘कॅसिनो द पारी’ सुरू केले. नावातच पॅरिस होते. जेवण, मद्य, वाद्यवृंद आणि रंगमंचावर नृत्यांचे कार्यक्रम असा तो थाट होता. विशिष्ट कल्पनेवर बेतलेला नाइटक्लब या भिंतींना १९७७च्या चार दशके आधीच माहीत झाला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे १९३०च्या दशकात सरकारी साहाय्याने चालणाऱ्या कलायोजनांचे कार्यक्रम येथे झाले. १९३९ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय कलावंतांनी सादर केलेला ‘द स्विंग मिकाडो’ याच रंगमंचावर आला. १९४०च्या दशकात सीबीएस या प्रसारणसंस्थेने वास्तू घेतली, आधी नभोवाणीसाठी आणि नंतर ‘स्टुडिओ ५२’ या नावाने दूरचित्रवाणीसाठी. ‘व्हॉट्स माय लाइन?’ आणि ‘द ६४,००० डॉलर क्वेश्चन’ यांसारखे प्रश्नोत्तरांचे लोकप्रिय कार्यक्रम येथून प्रक्षेपित झाले. सीबीएसने १९७०च्या दशकाच्या मध्यास ही जागा सोडली तेव्हा संगीतिका, भोजनगृह, नाटक, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी असे पाच प्रकारचे करमणुकीचे धंदे तेथे होऊन गेले होते.

स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रॅगर यांनी २६ एप्रिल १९७७ रोजी क्लब उघडला. सुमारे सहा आठवड्यांत ही उभारणी झाली. एवढ्या थोड्या वेळात ती पुरी झाली, कारण अर्धे काम गॅलो यांनी आणि सीबीएसने आधीच करून ठेवले होते. नाट्यगृहाच्या रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांच्या नजरेआड, दर्शनी कमानीच्या दुपटीहून अधिक उंचीची पोकळी असते. तिला फ्लाय टॉवर म्हणतात. तिच्या माथ्यावर लोखंडी जाळी, जाळीवर कप्प्या, कप्प्यांवरून उतरलेले दोर आणि दोरांना टांगलेल्या आडव्या नळ्या असतात. नळीला जेवढे ओझे लावायचे तेवढेच प्रतिवजन दुसऱ्या टोकाला बसवले की शेकडो किलोंचा देखावा एक माणूस दोर ओढून क्षणात वर नाहीसा करू शकतो. ही सोय साध्या तळघरात किंवा गोदामात करता येत नाही, कारण तेवढी उंचीच नसते. श्रॅगर यांनी ही यंत्रणा काढून टाकली नाही. तिच्याखालीच, म्हणजे जुन्या रंगमंचावर, नृत्याची जागा केली. नाचणारे लोक रंगमंचावर आले आणि बाल्कनीत बसलेले त्यांना पाहू लागले. नाट्यगृहात नटाची जी जागा, ती येथे गिऱ्हाइकाला मिळाली. या क्लबचे सारे आकर्षण मला या एका अदलाबदलीत दिसते.

इमारत आणि कल्पना यांचे असे नाते इतरत्र कोठे जुळले किंवा फसले, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे.

तिसरी घंटा

धाग्याबद्दल आभार. गॅलो यांच्या अपयशाविषयी थोडी भर घालतो, कारण ही एकट्या माणसाची गोष्ट नव्हती. १९२० च्या दशकात ब्रॉडवेच्या परिसरात नाट्यगृहे इतक्या वेगाने बांधली गेली की त्या सर्वांना पुरतील एवढे प्रयोग आणि प्रेक्षक मिळणे अवघड होते. त्यातच १९२७च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट प्रदर्शित होऊन बोलपटाची चाहूल लागली, म्हणजे गॅलो यांचा पडदा उघडण्याच्या अवघा महिनाभर आधी. दोन वर्षांनी शेअर बाजार कोसळला. महागडी, रिकामी आणि दुसऱ्या कोणत्याही उपयोगासाठी सहज न वळणारी अशी कितीतरी नाट्यगृहे मग मिळेल त्या भाडेकरूच्या हाती गेली.

याच इमारतीच्या शेजारच्या वास्तूची कथा लावून पाहिली तर मुद्दा अधिक उजळतो. ब्रॉडवेवरील हॅमरस्टीन थिएटर त्याच नोव्हेंबर १९२७ मध्ये उघडले. तेही मंदीत बुडाले, तेथेही १९३४ मध्ये बिली रोझ यांनी टेबले मांडून संगीतगृह चालवले आणि तेही पुढे सीबीएसकडे जाऊन ‘स्टुडिओ ५०’ झाले. एड सलिव्हन यांचा कार्यक्रम तेथून होत असे, आणि ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स मंडळी अमेरिकी दूरचित्रवाणीवर तेथूनच गायली. आज ते एड सलिव्हन थिएटर म्हणून ओळखले जाते. जन्माचा महिना एक, मंदीतला आसरा एक, प्रसारणसंस्था एक. फरक एवढाच की एका वास्तूला सीबीएसने धरून ठेवले आणि दुसरीला सोडले. सोडलेल्या वास्तूत क्लब झाला. रुबेल आणि श्रॅगर यांच्या कल्पकतेचे श्रेय त्यांना द्यावेच, परंतु एवढ्या मोठ्या, मोकळ्या आणि यंत्रसामग्रीसह मिळणाऱ्या जागा त्या शहरात त्या वेळी कशामुळे उपलब्ध होत्या, हेही या हिशेबात धरले पाहिजे. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती आणि मध्य मॅनहॅटनच्या त्या भागाला फारसे कोणी विचारीत नव्हते.

रात्रपाळी

कळसूत्र, इमारतीला तुम्ही देत असलेले श्रेय मला जास्त वाटते, आणि त्याची कारणे सांगतो.

पहिले म्हणजे, फ्लाय टॉवर १९२७ पासून तेथेच होता आणि तरीही त्या वास्तूत एकामागून एक व्यवसाय बुडाले. दुसरे म्हणजे, रुबेल आणि श्रॅगर यांना शिक्षा झाल्यावर मार्क फ्लाइशमन यांनी तोच क्लब १९८१ मध्ये पुन्हा उघडला. छत तेच, दोर तेच, संकल्पनांच्या मेजवान्याही चालू होत्या. तरीही पूर्वीचे तेज परत आले नाही आणि १९८६ मध्ये तो बंद पडला. मग पहिल्या तेहतीस महिन्यांत असे काय होते, जे नंतर नव्हते?

माझ्या मते ते दारावर होते. रुबेल स्वतः बाहेर उभे राहून कोणाला आत घ्यायचे ते ठरवीत. नामवंत, अनोळखी, श्रीमंत, कफल्लक, समलिंगी, भिन्नलिंगी अशी सरमिसळ ते मुद्दाम घडवीत असत. उद्‌घाटनानंतर काही दिवसांतच मिक जॅगर या गायकाच्या तत्कालीन पत्नी बियांका जॅगर यांचे पांढऱ्या घोड्यावर बसलेले छायाचित्र जगभर गेले आणि त्यानंतर त्या दारासमोर उभे राहणे हीच एक घटना झाली. या निवडीत मोठा अन्यायही होता. शीक या वाद्यवृंदाचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना गायिका ग्रेस जोन्स यांनी बोलावले होते, तरी १९७७च्या अखेरच्या रात्री त्यांना दारावरून परत पाठवण्यात आले. ज्यांच्या तबकड्यांवर आतली माणसे नाचत होती, त्यांनाच बाहेर थंडीत ठेवले गेले. त्या संतापातून त्यांनी रचलेले गाणे पुढे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे ठरले, म्हणून ही हकीकत आज कौतुकाने सांगितली जाते. पण ज्यांच्याजवळ गाणे नव्हते अशा हजारो माणसांचा अपमान तसाच विरून गेला.

आणि पैशाचे काय? क्लबच्या कमाईविषयी रुबेल यांनी वृत्तपत्रवाल्यांसमोर उघड बढाई मारली. १४ डिसेंबर १९७८ रोजी करखात्याने धाड घातली, रोख रकमेची मोठी अफरातफर उघडकीस आली, दोघांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला आणि जानेवारी १९८० मध्ये त्यांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. देखाव्यांवर हात सैल सोडून खर्च करता येत होता, त्यामागे हाही पैसा होता. कप्प्या आणि दोर यांच्याबद्दल लिहिताना हा भाग झाकला जाऊ नये.

प्रकाशझोत

मी प्रकाशयोजनेच्या बाजूने लिहितो, कारण रात्रपाळी यांच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर तेथे सापडते. फ्लाय टॉवर १९२७ पासून होता हे खरे. त्याचा नृत्यासाठी उपयोग करावा हे मात्र १९७७ पर्यंत कोणाच्या मनात आले नव्हते, आणि ज्यांच्या मनात आले ती माणसे नाट्यक्षेत्रातली होती.

स्टुडिओ ५४ची प्रकाशयोजना ज्यूल्स फिशर आणि पॉल मॅरँट्झ यांनी केली. फिशर हे तोवर ब्रॉडवेवरील नामांकित प्रकाशयोजनाकार होते आणि त्यांना टोनी पुरस्कार मिळालेले होते. त्या काळातल्या बहुतेक डिस्कोंमध्ये दिवे छताला कायमचे जखडलेले असत, मध्ये आरशांचा गोळा फिरत असे आणि रात्रभर जागेचा आकार तोच राहत असे. फिशर-मॅरँट्झ यांनी दिव्यांचे उंच खांब नळ्यांना टांगले. त्यांवर रंगीत दिव्यांच्या धावत्या माळा आणि पोलिसांच्या गाडीवर असतात तसे फिरते दिवे होते. गाणे चढत गेले की हे खांब नाचणाऱ्यांच्या मधोमध खाली उतरत आणि पुन्हा वर निघून जात. एवढ्याने त्या जागेची उंची, खोली आणि गर्दीची दाटी बदलल्याचा भास होत असे. पाठीमागचे पडदे आणि देखावेही असेच येत-जात. नाकाशी चमचा धरलेला चंद्र हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध देखावा. तो कोकेनचे उघड चिन्ह होता, आणि पुढे ज्या व्यसनांनी अनेकांची आयुष्ये पोखरली त्यांचे ते कौतुक होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. यंत्रणा म्हणून पाहिले तर तो नाटकातल्या चंद्रासारखाच दोरावर उतरत होता.

संकल्पनेच्या मेजवान्यांचे गणितही याच यंत्रणेवर चालत असे. गायिका डॉली पार्टन यांच्यासाठी १९७८ मध्ये जी मेजवानी झाली, तिच्यासाठी गवताच्या गंजा आणि जिवंत जनावरे आणून शेतवाडी उभी केली गेली. एका नववर्षाच्या रात्री समारंभांचे सजावटकार रॉबर्ट इझाबेल यांनी जमिनीवर चमकीचा जाड थर अंथरला. चार टन चमकी होती असे श्रॅगर यांनी नंतर सांगितले. जी मंडळी नाटकाचे नेपथ्य लावतात त्यांना यात नवल वाटणार नाही: दिवसा माल आत आणायचा, जोडायचा, टांगायचा, रात्री प्रयोग करायचा आणि पहाटे सारे उतरवून जागा मोकळी करायची. त्यासाठी मालाचे मोठे दार, मागची जागा, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि भरपूर वीजपुरवठा लागतो. नाट्यगृह आणि दूरचित्रवाणी स्टुडिओ या दोन्ही भूमिका पार पाडलेल्या वास्तूत हे सर्व हाताशी असते. रिचर्ड लाँग यांची ध्वनियंत्रणा ही आणखी एक जमेची बाजू होती, पण तिला नाट्यगृहाची गरज नव्हती. लाँग यांनी गोदामांतही तितक्याच ताकदीचे आवाज उभे केले होते.

ओसरी

कळसूत्र यांच्या सिद्धान्ताला उलटे उदाहरण देते. तेही न्यूयॉर्कमधलेच आहे आणि मला ते स्टुडिओ ५४ पेक्षा अधिक मोलाचे वाटते.

सेकंड ॲव्हेन्यूवरील १०५ क्रमांकाची वास्तू १९२० च्या दशकात कमोडोर थिएटर म्हणून बांधली गेली. यहुदी वस्तीतील ते नाट्य-चित्रपटगृह होते. १९६८ ते १९७१ या काळात मैफलींचे आयोजक बिल ग्रॅहम यांनी ते फिलमोर ईस्ट या नावाने चालवले आणि रॉक संगीताच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे कोरले गेले. त्यानंतर काही वर्षे ते असेच गेले आणि १९८० मध्ये ब्रूस मेलमन यांनी तेथे ‘द सेंट’ हा समलिंगी पुरुषांचा सभासदांपुरता क्लब उघडला. त्याची कल्पना एकच होती: तारांगण. प्रेक्षागाराच्या आत ॲल्युमिनियमच्या सच्छिद्र पत्र्यांचा प्रचंड घुमट उभारला गेला, मध्यभागी तारांगणात वापरतात तसे ताऱ्यांचे प्रक्षेपक बसवले आणि नृत्याची गोल जागा त्या कृत्रिम आकाशाखाली आली. सच्छिद्र पत्र्यातून जुन्या बाल्कनीतल्यांना खालचे दृश्य दिसे.

येथे रंगमंचाचा उपयोगच केला नाही. नाट्यगृहाची दिशा एक असते, म्हणजे सारे तोंडे रंगमंचाकडे करून बसतात. घुमटाखाली दिशाच उरत नाही. येथे कोणी कोणाकडे पाहण्यासाठी येत नव्हते, छायाचित्रकारांना थारा नव्हता, दारावर निवडीचा खेळ नव्हता. सभासद पहाटेपर्यंत आणि पुढे सकाळपर्यंत नाचत आणि आकाश त्यांच्याभोवती फिरत राही. एकच कल्पना, तीही न बदलता, आठ वर्षे टिकली. तो १९८८ मध्ये बंद पडला, कारण एड्सच्या साथीने त्याचे सभासदच हिरावून नेले. साथीच्या सुरुवातीच्या दिवसांत, आजाराला नावही नव्हते तेव्हा, काही लोक त्या आजाराला या क्लबच्या नावाने ओळखत असत, एवढे त्याचे सभासद त्यात गेले.

म्हणून मला असे म्हणावेसे वाटते की, जुनी वास्तू दोन प्रकारे उपयोगी पडते. एकतर तिच्या अंगभूत यंत्रणेवर स्वार व्हायचे, नाहीतर तिच्या निव्वळ विस्तारात दुसरेच काही वसवायचे. दुसरा मार्ग निवडला तर वास्तूवर प्रेम करण्याचे कारण उरत नाही, आणि १९९०च्या दशकात ते प्रेक्षागार पाडले गेले तेव्हा रस्त्याकडचा दर्शनी भाग तेवढा उरला.

कळसूत्र

ओसरी, आपण दिलेले उदाहरण फार बोलके आहे. त्यात एक भर घालतो. द सेंटमध्येही उंचीच कामी आली. सपाट छताच्या जागेत तो घुमट बसलाच नसता. पण वास्तूशी असलेले नाते तुटले होते, हे आपले म्हणणे मला पटते.

याच दोन मार्गांचा संगम रुबेल आणि श्रॅगर यांच्याच पुढच्या क्लबमध्ये दिसतो. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी १९८५ मध्ये पूर्व १४व्या रस्त्यावर पॅलेडियम उघडले. तेही जुने नाट्य-चित्रपटगृह होते, ॲकॅडमी ऑफ म्युझिक या नावाचे, १९२० च्या दशकातले, टॉमस लॅम यांच्या हातचे. जपानी वास्तुरचनाकार अराता इसोझाकी यांनी त्या नक्षीदार, झिजलेल्या प्रेक्षागाराच्या आत चौकटींची एक आधुनिक रचना उभी केली आणि जुन्या भिंती तिच्याभोवती तशाच दिसू दिल्या. कीथ हेरिंग यांच्यासारख्या तरुण चित्रकारांची कामे आत होती. वास्तू आणि कल्पना यांतले अंतरच तेथे पाहण्याजोगे केले होते. तरीही ते पाडले गेले आणि त्या जागी न्यूयॉर्क विद्यापीठाचे वसतिगृह आले. वसतिगृहाला पॅलेडियमचे नाव दिले आहे, एवढाच काय तो मागमूस.

रात्रपाळी, आपल्या आक्षेपाला माझे उत्तर असे. दारावरची निवड, पैशाचा ओघ आणि वृत्तपत्रांची भूक यांमुळे तो क्लब प्रसिद्ध झाला, हे निर्विवाद आहे. परंतु दारावर निवडलेल्या माणसांना आत गेल्यावर काय करायचे होते? त्यांना पाहिले जायचे होते. बाल्कनी, कमान आणि खाली प्रकाशात उजळलेली जागा ही पाहिले जाण्यासाठीच घडलेली रचना आहे. क्वीन्समधील एन्चँटेड गार्डन हा याच दोघांचा आधीचा क्लब, तेथेही संकल्पनेच्या रात्री होत, पण त्या जागेला रंगमंच नव्हता. दाराबाहेर ज्यांना तिष्ठत ठेवले त्यांच्या बाबतीत घडलेला अन्याय या युक्तिवादाने कमी होत नाही, आणि तो कमी करण्याचा माझा हेतूही नाही.

मागची रांग

सुरक्षिततेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. संकल्पनेवर बेतलेला नाइटक्लब म्हटला की कापड, कागद, गवत, प्लास्टिक, कृत्रिम झाडे आणि अंधार आलाच. यांपैकी प्रत्येक वस्तू जीवघेणी ठरू शकते.

बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या क्लबची कल्पना उष्ण कटिबंधातल्या बेटाची होती. कृत्रिम माड, वेताचे सामान आणि छताला ताणलेले कापड असा त्याचा सरंजाम होता. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी तळघरातल्या बारमध्ये एका कृत्रिम माडापाशी आग लागली आणि काही मिनिटांत सारा क्लब धुराने भरला. मुख्य दार फिरते होते, ते माणसांच्या दाटीने अडकले. इतर दारांपैकी काही कुलूपबंद होती आणि काही आतल्या बाजूला उघडणारी होती. ४९२ माणसे गेली. सजावटीचे साहित्य आगीला दाद न देणारे असावे, बाहेर जाणारी दारे बाहेरच्या बाजूला उघडावीत आणि फिरत्या दाराच्या बाजूला साधी दारे असावीत, या गोष्टी अमेरिकेत काटेकोरपणे लागू झाल्या त्या या आगीनंतर.

नाट्यगृहांनी हाच धडा चार दशके आधी भोगला होता. शिकागोच्या इरॉक्वॉय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत ६०० हून अधिक बळी गेले. अग्निरोधक म्हणून बसवलेला पडदा खाली येताना मध्येच अडकला होता. त्यानंतर नाट्यगृहांच्या बांधकामाचे नियम कडक झाले, आणि १९२७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बांधलेल्या नाट्यगृहाला रुंद जिने, अनेक बाहेरची दारे आणि अग्निरोधक बांधणी यांपासून सुटका नव्हती. म्हणून कळसूत्र यांच्या यादीत मी दोरांच्या आणि कप्प्यांच्या जोडीला हेही घालीन: दीड हजार माणसे काही मिनिटांत बाहेर काढण्याचा विचार ज्या वास्तूच्या आराखड्यातच आहे, तिच्यात क्लब चालवणे आणि एका दाराच्या तळघरात क्लब चालवणे यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. अर्थात वास्तूने दिलेली दारे चालकाने उघडी ठेवली तरच.

परवान्यांविषयी दोन ओळी. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून खाद्यपेये विकणाऱ्या जागेत नृत्य होऊ द्यायचे तर वेगळा परवाना लागत असे. तो कायदा कृष्णवर्णीयांच्या जॅझ क्लबांना जाचक ठरला आणि २०१७ मध्ये रद्द झाला. स्टुडिओ ५४ने तर सुरुवातीला मद्याचा नियमित परवाना नसताना रोजच्या मेजवानीचे एकेका दिवसाचे परवाने काढून काम भागवले, आणि मे १९७७ मध्येच त्यावर कारवाई झाली. काही महिने तेथे फळांचे रस दिले जात होते आणि तरीही गर्दी ओसरली नाही. रात्रपाळी आणि कळसूत्र या दोघांनाही हा पुरावा आपापल्या बाजूने वापरता येईल.

तिसरी घंटा

फळांच्या रसाचा उल्लेख आला ते फार बरे झाले. मद्याशिवाय क्लब भरतो याचा अर्थ लोक प्रयोगासाठी येत होते.

१९८६ नंतरच्या कथेकडे वळतो, कारण इमारतीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा तेथे आहे. १९८९ मध्ये रिट्झ हा रॉक संगीताचा क्लब येथे राहायला आला. तो आला वेब्स्टर हॉलमधून, जी १८८६ सालची सभागृहाची वास्तू. तेथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुखवट्यांचे नाच होत आणि पुढे आरसीए कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. म्हणजे करमणुकीच्या एका जुन्या घरातून निघालेला भाडेकरू दुसऱ्या जुन्या घरात शिरला.

नंतर १९९८ मध्ये राउंडअबाउट थिएटर कंपनीने ‘कॅबरे’ या संगीत नाटकाचा नवा प्रयोग हेन्री मिलर थिएटरमध्ये सुरू केला. नाटक घडते ते १९३० च्या सुमाराच्या बर्लिनमधील किट कॅट क्लबमध्ये, म्हणून त्या नाट्यगृहालाच क्लबचे रूप देऊन प्रेक्षकांना टेबलांभोवती बसवले होते. २१ जुलै १९९८ रोजी शेजारच्या बांधकामावरील उद्वाहकाचा (लिफ्टचा) मनोरा कोसळला, रस्ता बंद झाला, प्रयोग थांबले. आणि नोव्हेंबरात नाटक स्टुडिओ ५४मध्ये हलवले गेले. तेथे ते जानेवारी २००४ पर्यंत चालले. लक्षात घेण्याजोगे म्हणजे, हेन्री मिलर थिएटर हेही १९७८ ते १९८४ या काळात झेनॉन नावाचा डिस्को होते आणि तो स्टुडिओ ५४चा थेट प्रतिस्पर्धी होता. नाटकातला काल्पनिक नाइटक्लब एका खऱ्या, बंद पडलेल्या नाइटक्लबमधून निघून दुसऱ्या खऱ्या, बंद पडलेल्या नाइटक्लबमध्ये गेला, आणि दोन्ही वास्तू मुळात नाट्यगृहे होती. बिली रोझ यांच्यानंतर पासष्ट वर्षांनी त्या मजल्यावर पुन्हा टेबले आली. २००३ मध्ये राउंडअबाउटने वास्तू विकत घेतली आणि तेव्हापासून सुमारे हजार आसनांचे ते ब्रॉडवेचे नियमित नाट्यगृह आहे. २०१२ पासून तळघरात ‘५४ बिलो’ हे गाण्यांचे भोजनगृह चालते.

क्लब उभारताना फ्लाय टॉवर कापला असता, रंगमंच भरून टाकला असता किंवा मजले घातले असते, तर हे पुनरागमन झालेच नसते.

ओसरी

लंडनमधली दोन उदाहरणे या शेवटच्या वाक्याला जोडून पाहावीत. फ्रँक मॅचम यांनी रचलेले हिपोड्रोम जानेवारी १९०० मध्ये सर्कस आणि जलक्रीडांच्या प्रयोगांसाठी उघडले. रिंगणाखाली पाण्याचा प्रचंड हौद होता. १९५८ मध्ये आतला भाग बदलून तेथे ‘टॉक ऑफ द टाउन’ हे भोजन-रंजनगृह झाले, १९८३ मध्ये पीटर स्ट्रिंगफेलो यांचा नाइटक्लब आला आणि २०१२ पासून तेथे जुगारगृह आहे. दर वेळी वास्तू वाचली, पण दर वेळी ती नाट्यगृहापासून एक पाऊल दूर गेली.

कॅम्डेनमधली वास्तू मला अधिक जवळची वाटते. डब्ल्यू. जी. आर. स्प्रेग यांनी रचलेले कॅम्डेन थिएटर २६ डिसेंबर १९०० रोजी एलन टेरी या अभिनेत्रीच्या हस्ते उघडले. ते चित्रपटगृह झाले, १९४५ ते १९७२ बीबीसीच्या नभोवाणी प्रयोगांचे घर झाले, १९७७ मध्ये म्युझिक मशीन, १९८२ मध्ये कॅम्डेन पॅलेस आणि २००४ मध्ये कोको. क्लब असतानाही रंगमंच, सज्जे आणि नक्षीकाम जागेवर राहिले, त्यामुळे तेथे एका रात्री मैफल आणि दुसऱ्या रात्री नृत्य असे चालत आले. जानेवारी २०२० मध्ये छताला आग लागली. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले.

रात्रपाळी

तिसरी घंटा आणि ओसरी यांनी इमारतीच्या बाजूने मांडलेले पुरावे मी मान्य करतो: नाट्यगृह म्हणून परत येण्याची क्षमता ही इमारतीचीच. पण मग क्लबचे मूल्यमापन वेगळे करावे लागेल. कित्येक दशकांच्या नाट्यपरंपरेत तेहतीस महिन्यांचा क्लब बसतो आणि वास्तूचे नाव मात्र कायमचे त्याचेच राहते. गॅलो यांचे नाव तेथे कोणी घेत नाही. ‘द स्विंग मिकाडो’च्या कलावंतांचे तर नाहीच. नाट्यगृह विकत घेतल्यावरही राउंडअबाउटने क्लबचे नाव बदलले नाही, कारण त्या नावाला बाजारात किंमत आहे.

कळसूत्र

नावाविषयीची आपली खंत मलाही आहे, आणि धागा सुरू करण्यामागे तेही एक कारण होते. गॅलो यांच्या वेळचे प्रेक्षागार, बाल्कनी आणि कमान आजच्या प्रेक्षकाला दिसतात, पण त्यांना गॅलो यांचे म्हणून कोणी ओळखत नाही.

ओसरी यांनी कोकोचा उल्लेख केला आहे, तेथील एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२२च्या नूतनीकरणात रंगमंचावरचा जुना फ्लाय टॉवर स्वतंत्र छोटे रंगस्थळ म्हणून वापरात आणला गेला. जेथे पूर्वी केवळ दोर आणि देखावे असत, तेथे आता माणसे जाऊन प्रयोग पाहतात. जागेचा हा उपयोग सुंदर आहे, यात शंका नाही. तरीही देखावे वर-खाली करण्याची सोय तेथे पुन्हा लागली तर ती परत आणता येईल का, हे प्रकाशझोत यांनी कृपया सांगावे, कारण टॉवरच्या माथ्यावरची जाळी आणि कप्प्या शाबूत असल्या तर खालचे रंगस्थळ हलवणे अवघड नसावे, आणि त्या काढल्या असल्या तर उत्तर वेगळे येईल.

प्रकाशझोत

कोणत्याही टॉवरच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात: माथ्यावरील तुळया किती ओझे पेलतात, प्रतिवजनांच्या खोबणीसाठी बाजूची भिंत तळापासून माथ्यापर्यंत मोकळी आहे का, आणि टॉवर व रंगमंच यांच्यामध्ये कायमचा मजला घातला आहे का. पहिल्या दोन गोष्टी शाबूत असतील तर हाताने ओढायच्या दोरांऐवजी विजेवर चालणारे उच्चालक, म्हणजे ओझे वर-खाली करणारी यंत्रे, बसवून सर्व सोय परत आणता येते. आजच्या बहुतेक नाट्यगृहांत तसेच करतात. पक्का मजला पडला असेल तर मात्र तो तोडल्याशिवाय मार्ग नाही, आणि संरक्षित वास्तूत अशी तोडफोड करायला परवानगी मिळवणे हेच काम वर्ष-दोन वर्षांचे असते. म्हणून जुन्या नाट्यगृहात क्लब करू पाहणाऱ्याला माझा सल्ला असा की, खालच्या मजल्यावर हवे ते करावे, भिंती रंगवाव्यात, टेबले मांडावीत, बार बसवावेत. कमानीच्या मागे आणि वर मात्र जे काही करायचे ते नटबोल्टांनी जोडलेले असावे, सिमेंटने नव्हे.